पाळण्यावरची माळ

गौरी उद्यावर आल्या होत्या आणि नाथाजीच्या घरात सवाष्ण नव्हती.

साल चौसष्टचं. नाथाजी माधवनगरच्या एका गिरणीत मागखात्यात जॉबर होता. माग अडला की कुठं हात घालायचा हे त्याला न बघताही कळायचं. घर अडलं तेव्हा मात्र त्याला काही सुचलं नाही. त्याची बायको मनूबाई आदल्या वर्षीच्या आषाढात मिरजेच्या दवाखान्यात वारली. त्या साली सण झालेच नाहीत. यंदा वर्षश्राद्ध उरकलं आणि भाऊबंद म्हणू लागले, लेकीचं घर आहे, गौरी किती दिवस बंद ठेवणार?

घरात माणसं तीन. नाथाजी, त्याची बारा वर्षांची मुलगी जाई आणि त्याची धाकटी बहीण राही. राहीचा नवरा पलटणीत होता. लग्नानंतर एकदाच रजेवर आला, महिनाभर राहिला, आणि परत गेला तो इटलीच्या लढाईत पडला. तेव्हा राही अठरा वर्षांची होती. त्याला आता वीस वर्षं झाली. वीस वर्षं ती भावाकडंच होती. सणाच्या दिवशी ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. बाहेर हळदीकुंकू चाललेलं असलं की आतून तिच्या पोळपाटाचा आवाज यायचा. नाथाजीला त्यात कधी वावगं वाटलं नाही. तिला तिथंच बघायची त्याच्या डोळ्यांना सवय झाली होती.

या घरच्या गौरीची एक गोष्ट सगळ्या आळीत नावाजलेली होती. ती म्हणजे फळांच्या माळा. भाद्रपदात ऊन कुठलं, म्हणून त्याची तयारी वैशाखात व्हायची. मोसंबी, ईडलिंबू आणि साधी लिंबं यांच्या पातळ चकत्या कापायच्या, हळदमिठाच्या पाण्यातून काढायच्या आणि बाजेवर धुतलेलं धोतर अंथरून त्यावर वाळत घालायच्या. रोज दुपारी उलटायच्या, दिवस कलायच्या आत घरात घ्यायच्या. आठदहा दिवसांत चकत्या कडक होत. उन्हाकडं धरलं की त्यांच्यात चाकासारखे आरे दिसत. मग कडुलिंबाचा पाला घालून त्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. गौरीच्या आदल्या दिवशी चकत्या, खारका, वाळके आवळे आणि तासगावचे बेदाणे एकत्र ओवून मखराला माळा लागायच्या. दिवे लावले की सगळं मखर पिवळंधमक दिसायचं. गौरी बोळवल्या की आळीतल्या बाया त्या माळांचे तुकडे मागून न्यायच्या. कुणी कपड्यांच्या ट्रंकेत ठेवी, कुणी धान्याच्या कणगीला बांधी, आणि जिच्या घरी तान्हं असेल ती पाळण्याला बांधी. मनूचा हात सवाष्णीचा, भरल्या संसाराचा, तिच्या हातची माळ लाभते, अशी सगळ्यांची समजूत होती.

गौरीसाठी तासगावकडच्या गावाहून नाथाजीची चुलती आक्काताई आली. साठीची बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नवरा हयात. गौरी पुजायला आपली सवाष्ण पाहिजे म्हणून नाथाजीनंच तिला निरोप धाडला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असल्यामुळं सुईत दोरा ओवणं तिला जमत नव्हतं. पण बाकी सगळं जमत होतं.

चहा घेऊन बशी खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "नाथा, राहीला तीन दिस मिरजेला मावशीकडं धाड."

"का गं काकी?"

"आता का म्हनून इचारतोस? मनू होती तवा गोष्ट येगळी. घरची सवाष्ण हुती, ही आत बसायची, चालून जायचं. आता घरात सवाष्ण न्हाई आन वर ही. गौरी म्हंजी सासुरवाशीण. माहेराला येती. दारात तिला असलं कपाळ दिसावं व्हय?"

राही आत चुलीपुढं होती. दोघांनाही ते ठाऊक होतं. आक्काताईनं आवाज खाली आणला नाही, आणि नाथाजीनंही तिला आणायला सांगितलं नाही.

"तीनच दिसांचा सवाल हाय," आक्काताई म्हणाली. "तुझ्या पोरीचं उद्या लगीन व्हायचंय. तिच्या पायगुणाला काई लागू नये, एवढंच माझं म्हननं."

जाईचं नाव निघालं आणि नाथाजी हबकला. बायको गेलेल्या माणसाला आणखी काही जाईल याचं फार भय असतं. तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. भिंतीकडं बघत म्हणाला, "राही, चारच्या मोटारीनं मिरजेला जातीस का? तीन दिवसांनी मी न्यायला येतो."

राहीनं भाकरी तव्यावरून काढली, निखाऱ्यांच्या आरावर उभी केली. "जाते की दादा," ती म्हणाली. "कालवण झाकून ठेवलंय. जाईला तिखट सोसत न्हाई, तिला दूध घाला."

बस्स, एवढंच. ती रडली असती तर नाथाजीला बरं वाटलं असतं.

दुपारी आक्काताईनं डबा उघडवला. मनूनं शेवटच्या वैशाखात वाळवलेल्या त्या याच, असं नाथाजीला वाटलं. पुढच्याच महिन्यात ती अंथरुणाला खिळली. आक्काताईनं एक चकती नाकाशी धरली.

"बग, अजून वास हाय. मनूच्या हातचं हाय म्हनून टिकलं. ओवायला तेवढं सवाष्णीचं बोट पायजे. त्या धोंडुबाईला हाक मार."

धोंडुबाई शेजारची. तोंडाची फटकळ, मनाची मोकळी. ती सुई घेऊन बसली. पहिली चकती टोचली ती मधोमध तडकली. दुसरीचे दोन तुकडे झाले, तिसरीचे चार.

"आक्का, ह्या चकत्या हायत का कवलं?" धोंडुबाई म्हणाली. "माझ्या मालकाच्या टाळक्यात सुई जाईल, पर ह्यात जायाची न्हाई."

"हळू हातानं घाल की."

"ह्याच्यापेक्षा हळू घालायची तर सुई झोपंल."

दहाबारा चकत्यांचा चुरा झाला तेव्हा नाथाजी अस्वस्थ झाला. त्याला वाटत होतं, मनूच्या हातचं शेवटचं जे काही घरात उरलं होतं त्याचा डोळ्यांदेखत चुरा होतोय. तेवढ्यात परसदाराकडून आवाज आला.

"धोंडुबाई, कोरड्या टोचू नगासा. ओल्या फडक्यात घटकाभर गुंडाळून ठेवा. मऊ पडल्या की टोचा, मधल्या पांढऱ्या ठिपक्याच्या जरा कडंला. ओवल्यावर परत आपसूक कडक हुत्यात."

राही परसदाराच्या पायरीवर बसली होती. शेजारी तिचं बोचकं. चार वाजायची वाट बघत होती.

आक्काताईच्या कपाळाला आठी पडली, पण दुसरा उपाय नव्हता. फडकं ओलं केलं. घटकाभरानं सुई लोण्यात जावी तशी गेली. माळ वीतभर झाली, आणि नवीन पंचाईत आली. चकत्या एकमेकींवर घसरून एका जागी गोळा होऊ लागल्या. प्रत्येकीमागं गाठ पाहिजे होती, आणि साधी गाठ भोकातून निसटत होती.

"मनूबाई कसली गाठ मारायची कोन जाने," धोंडुबाई म्हणाली. "आक्का, तुमच्याकडं हाय न्हवं जुनी माळ? आना की बगू."

आक्काताईनं पिशवीतून एक माळ काढली. पाच वर्षांपूर्वी तिनं ती याच घरातून नेली होती. चकत्या काळपट झालेल्या, दोरा मेणचटलेला. आक्काताईच्या सुनेची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी आक्काताई माधवनगरला येऊन मनूच्या हातची माळ घेऊन गेली आणि पाळण्याला बांधली. तो नातू जगला. यंदा शाळेत जाऊ लागला, म्हणून माळ गौरीबरोबर पाण्यात सोडायला तिनं सोबत आणली होती. देवघरातला टाक उचलावा तशी तिनं ती माळ दोन्ही हातांनी धोंडुबाईपुढं धरली.

धोंडुबाईनं गाठ उलटून पालटून बघितली. "दोन येढं दिसत्यात. पर घातलं कसं? ही काय बायकांची गाठ न्हवं."

"न्हवंच ती बायकांची," दारातून कुणीतरी म्हणालं.

नाथाजीचे सासरे हिंदुराव आले होते. साताऱ्याकडचे, पलटणीतले जुने हवालदार. पेन्शन घेऊन गावी शेती बघत. मिरजेकडं जाणाऱ्या गाडीनं माधवनगर स्टेशनावर उतरून चालत आलेले, पायांत चिखल, हातात छत्री. लेक गेल्यापासून ते या घरी आले नव्हते. जावयाला बघून त्यांनी मान हलवली, जाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि चूळ भरायला परसात गेले. तिथं पायरीवर त्यांना राही दिसली आणि बोचकं दिसलं.

"कुठं निघालीस, पोरी?"

राहीनं बोचकं जवळ ओढलं. हिंदुराव आत आले, खाली बसले. "जावायबापू, ही कुठं निघाली?"

नाथाजीनं सांगितलं. सांगताना त्याला वाटलं, मघाशी हे बोलणं एवढं वाईट ऐकू येत नव्हतं.

हिंदुरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आक्काताई, तुमी मोठ्या हायसा. एक इचारू का? माझी बायको जाऊन अकरा वर्सं झाली. गावी गणपती मीच बसवतो. मला कुनी घराभाईर काडलं न्हाई. ह्या नाथाजीची बायको गेली. उद्या ह्यो गौरीम्होरं पाटावर बसनार. बसनार न्हवं?"

"बसनार की. घरचा कर्ता हाय."

"मग आमी दोगं बिनबायकोचं चालतो. गौरीला आमची त्वांडं दिसली तर इटाळ न्हाई. आन हिचा नवरा देशासाठी पडला, तर हिनं मिरजेला जायाचं?"

"बापयाची गोष्ट निराळी असती, पावनं."

"का निराळी?"

आक्काताईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "चालत आलंय तसं."

"चालत आलंय," हिंदुराव म्हणाले. "मी बी लय वर्सं तसंच म्हनलो. माझी लेक दवाखान्यात हुती. जायच्या आदी दोन दिस मला म्हनाली, बाबा, फळांच्या माळा माझ्या न्हाईत, राहीच्या हायत. लोक माझं नाव काडत्यात, मला खाली बगावं लागतंय. कवातरी एवढं सांगा. मी चौदा म्हैनं त्वांड शिवून बसलो, त्यो माझा दोष. आज त्याच्यापायी आलो." ते परसदाराकडं वळले. "राही, हिकडं ये. ती गाठ बांधून दाव."

राही जागची हलली नाही. "मामा, राहू द्या. सणाच्या घरात कशाला वाद? मी जाते."

"जाशील. गाठ बांध आन जा."

ती आत आली. वीस वर्षांत पहिल्यांदा सणाच्या माजघरात आली आणि भिंतीला लागून, अंग चोरून बसली. धोंडुबाईनं सुईदोरा तिच्या पुढ्यात ठेवला. राहीनं चकती ओवली, दोरा बोटाभोवती दोनदा फिरवला, टोक आतून घेतलं आणि ओढलं. क्षणाचं काम. चकती जागच्या जागी बसली. तिनं दुसरी घेतली, तिसरी घेतली.

"रजेवर आलं हुतं तवा शिकवली हुती," ती खाली बघूनच म्हणाली. "वळकटी बांधताना. म्हनलं, ही गाठ ओली झाली तरी सुटत न्हाई. मला त्येंची एवढीच एक गोष्ट येती."

आक्काताईनं नवी माळ उचलली आणि जुनी तिच्या शेजारी धरली. डोळ्यांना नीट दिसेना म्हणून दाराशी उजेडात गेली. नखानं एकेक गाठ चाचपली. दोन वेढे इकडं, दोन वेढे तिकडं. सगळ्या गाठी एका हाताच्या!

पाच वर्षं तिच्या नातवाच्या पाळण्यावर जी माळ डुलत होती, जिच्याकडं बघत तो हसायला शिकला, ती तिनं ज्या बाईला उंबऱ्याबाहेर घालवायला काढलं होतं तिच्या हातची होती!

आता काकी तडक गावाची वाट धरणार असं नाथाजीला वाटलं. आक्काताई दाराशीच उंबऱ्यावर खाली बसली.

"मनूनं मला का फसवलं?"

"वैनीनं न्हाई, मी," राही म्हणाली. "पहिल्या साली वैनीच्या बी चकत्या अशाच तडकल्या. मी आतनं करून दिल्या. वैनी म्हनाली, सांगूया. मी म्हनलं, सांगितलं तर कुनी न्हेनार न्हाई. मला माळा करायला आवडायच्या, आक्का. सन आला की माजं बी काईतरी भाईर मांडलंय असं वाटायचं. मला तेवडं पुरत हुतं."

"आन मला का न्हाई सांगितलं?" नाथाजीनं विचारलं.

राही घुटमळली. "वैनी म्हनायची, त्येंना सांगितलं तर त्येंना कुनाची तरी बाजू घ्यावी लागंल. त्येंना ते जमायचं न्हाई."

नाथाजीनं मान खाली घातली. मनू त्याला ओळखून होती. आणि आज सकाळी, भिंतीकडं बघत, त्यानं तिचं म्हणणं खरं करून दाखवलं होतं.

आक्काताई अजून जुनी माळ चाचपत होती. स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पैली दोन पोरं गेली तवा पाळण्याला सगळं सवाष्णींच्या हातचं हुतं. सात घरचं मागून आनलं हुतं मी."

"माळंनं कुनी वाचत न्हाई, आक्काताई, आन माळंनं कुनी मरत बी न्हाई," हिंदुराव सावकाश म्हणाले. "तुमचा नातू आईच्या दुदानं वाचला, येळेला दवाखान्यात न्हेलं म्हनून वाचला. पर एक सांगा. ह्या हातात काई वंगाळ असतं, तर पाच वर्सांत तुमाला दिसलं नसतं?"

नाथाजी उठला. परसदारी गेला, राहीचं बोचकं उचललं आणि आणून माजघरातल्या खुंटीला अडकवलं, स्वयंपाकघरातल्या नव्हे.

"काकी," तो म्हणाला. या वेळी तो भिंतीकडं बघत नव्हता. "राही कुठं जात न्हाई. उद्या गौरीला माळा तीच बांधंल. तुमाला चालत नसंल तर तुमचा राग मी सोसतो. पर मी पाटावर बसायचं आन तिनं मोटारीत बसायचं, हे मला जमनार न्हाई. राही, माझं चुकलं. आजच न्हवं, वीस वर्सं चुकलं."

राहीनं पदर तोंडाला लावला. सकाळपासून जे आलं नव्हतं ते आता आलं.

"रडायचं मागनं," धोंडुबाई म्हणाली, "आदी ह्या माळा उरका बाई. माझ्या घरी भाकरीला पीठ तसंच पडलंय."

सगळ्यांच्या आधी आक्काताईच हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "नाथा, माझ्या सुनंला परत दिस ऱ्हायल्यात. मी मनूची म्हनून एक माळ न्यायला आले हुते." ती राहीकडं वळली. "राही, मला एक करून देशील? त्यातनं काई व्हतंय म्हनून न्हाई. थोरल्याची हुती, धाकट्याला नगं का?"

"कसली करू?" राहीनं विचारलं.

"तुला आवडंल तसली."

राही डब्याशी वाकली. "दादा, एक सांगायचं ऱ्हायलं. ह्या वरच्या चकत्या यंदा मी वाळवल्यात, तुमी कामावर गेल्यावर. वैनीच्या तळाला हायत." तिनं पाला बाजूला करून मनूच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याची पुरचुंडी काढली. आत सतरा-अठरा चकत्या होत्या, रंग जरा उतरलेल्या, पण धड. दुपारी जो चुरा झाला त्यात मनूच्या हातचं काही नव्हतं.

चौदा महिन्यांत पहिल्यांदा नाथाजीला पोटभर श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी जाईनं तेरड्याच्या गौरी आणल्या. आक्काताईनं त्यांना हळदकुंकू वाहिलं, नाथाजी पाटावर बसला, आणि राहीनं मखराला माळा बांधल्या. मधल्या माळेत मनूच्या चकत्या होत्या. आळीतल्या बाया आल्या. दोघीतिघी दारातून कुजबुजून परत गेल्या, हे खरं. उरलेल्या बसल्या. "अवो, गाठ दाखवा की," असं एकीनं म्हटलं, आणि मग बऱ्याचजणींनी म्हटलं. घरावर आभाळ कोसळलं नाही. गौरी जेवल्या आणि तिसऱ्या दिवशी हसतमुखानं गेल्या.

वाचकहो, तुमच्याही घरात सणाच्या दिवशी कुणीतरी आत बसलेलं असेल. त्या बाईनं केलेलं आपण खातो, तिनं ओवलेलं देवाला घालतो, आणि तेवढी तिला मात्र बाजूला ठेवतो. बायको गेलेल्या पुरुषाला आपण पाट देतो आणि नवरा गेलेल्या बाईला परसदार दाखवतो. दुःख दोघांचं एकच. मग मान दोन तऱ्हांचा कसा? याचं उत्तर 'चालत आलंय' याखेरीज तुम्हाला सापडलं, तर खुशाल चालू द्या. नाही सापडलं, तर येत्या सणाला उठा, आत जा आणि तिला हाताला धरून बाहेर आणा. फार काही लागत नाही. तिचं बोचकं खुंटीला लावायचं असतं, एवढंच.

पुढच्या वैशाखात नाथाजीनं बाज परसातून उचलून घरापुढच्या अंगणात टाकली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. राही चकत्या उलटत होती, आणि शेजारी तीन घरच्या बाजा पडल्या होत्या.